चार मिनिटं दहा सेकंद

माणिकराव अरबांबद्दल चार मिनिटं दहा सेकंद बोलले. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो, कारण घड्याळ माझ्या हातात होतं. त्या प्रकरणातलं बाकीचं सांगताना मात्र माझं मलाच वाटत राहतं, की हे लिहायला मी योग्य माणूस आहे का? पण दुसरं कोणी लिहिणार नाही.

२००३ सालचा एप्रिल महिना होता. हायस्कुलातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती. सेनगावच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर प्रेमदास राठोडची केबलची खोली होती. प्रेमदास माझा विद्यार्थी. तांड्यावरून रोज चालत शाळेत यायचा. आता अर्ध्या गावाच्या टीव्हीची दोरी त्याच्या हातात होती. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तो 'आपलं सेनगाव' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम दाखवायचा. रेकॉर्डिंग बुधवारी, कार्यक्रम गुरुवारी, आणि तोच कार्यक्रम पुन्हा शुक्रवारी सकाळी. कारण भारनियमन. गावाच्या दोन भागांची वीज वेगवेगळ्या वेळी जायची, त्यामुळे ज्यांचा गुरुवार हुकला त्यांच्यासाठी शुक्रवार.

कार्यक्रमात बोलायचे माणिकराव. साठीचे, भारदस्त, चांगली जमीन, चांगला आवाज. लग्न असो की पुतळ्याला हार, भाषण त्यांचंच. मी त्यांना प्रश्न लिहून द्यायचो, टीव्हीच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीचा मजकूर लिहायचो, आणि कॅमेऱ्यामागं बसून वेळ दाखवायचो. तीन बोटं म्हणजे तीन मिनिटं उरली. एक बोट म्हणजे आवरा. हे काम मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

त्या बुधवारी विषय मी दिला होता. इराकमध्ये युद्ध चालू आहे, त्याचा डिझेलवर आणि आपल्या शेतीवर काय परिणाम होईल? माणिकराव डिझेलवर मिनिटभर बोलले आणि तिथून घसरले.

"या अरबांनी जगाला दिलं काय? जमिनीखाली तेल निघालं, त्यात यांचं कर्तृत्व काय? तेल नसतं तर आजही उंटामागं हिंडले असते. हात तोडायचे, बायका कोंडायच्या, एवढीच यांची विद्या."

असं बरंच. मला राहवेना. मी बोट वर केलं. वर्गात मुलं करतात तसं. माणिकराव, एक मिनिट, हे बरोबर नाही, असं मला म्हणायचं होतं. माणिकरावांनी बोट पाहिलं आणि मान हलवली. आवरा, असा त्यांनी अर्थ घेतला. घेणारच.

"तर शेवटी एवढंच सांगतो," ते कॅमेऱ्याकडं वळून म्हणाले, "असल्या लोकांवर बाँब पडतात तेव्हा मला काडीचं वाईट वाटत नाही."

प्रेमदासनं कॅमेरा बंद केला. "एक नंबर झालं काका," तो म्हणाला. त्याचं लक्ष वायरीत होतं.

मी घरी आलो. प्रसारणाला पूर्ण एक दिवस होता. प्रेमदासला सांगायचं, तेवढा भाग काढ. पण सांगायचं म्हणजे कारण द्यावं लागणार. माणिकराव विचारणार, तुम्हाला काय माहीत? म्हणून मी कपाट उघडलं. आपले अंक अरबांच्या हातून पश्चिमेकडं गेले आणि अरब त्यांना हिंदी अंकच म्हणत राहिले, हे मी वर्गात पंचवीस वर्षं सांगत होतो; पण कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर? बगदादला ग्रंथालयं होती, त्यांचं साल कोणतं? गुरुवारी दुपारपासून मी शोधत होतो. पान सापडलं तेव्हा शेजारच्या घरातून माणिकरावांचा आवाज यायला लागला होता. सात वाजून गेले होते.

पार्वतीबाई, माझी पत्नी, ओट्यावर ऐकत उभी होती. आत येऊन म्हणाली, "तुमी व्हते ना तिथं? काही बोलले का न्हाई?"

"बोट वर केलं होतं."

"बोट!" एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी सकाळी प्रेमदासनं रिवाजाप्रमाणं कार्यक्रम पुन्हा लावला. ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनीही ऐकला. दुपारपर्यंत मुस्लिम वस्तीतल्या बऱ्याच घरांनी केबलची वायर स्वतःच काढून टाकली. तहसीलवर निवेदन गेलं. संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या लोकांनी माणिकरावांना चौकात हार घातला. हार घालणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी उभ्या जन्मात अरब पाहिला नव्हता. निवेदनवाल्यांनी तरी कुठं पाहिला होता? माणिकराव म्हणत होते, "मी अरबांबद्दल बोललो. आपल्या लोकांना लागायचं कारण काय?" कारण त्यांनाही माहीत होतं, हार घालणाऱ्यांनाही माहीत होतं.

शनिवारी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. ठाण्याच्या साहेबांनी प्रेमदासला सांगितलं, तुझं केबल निष्पक्ष असलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला वेळ दे, आणि विषय संपव.

प्रेमदास थेट माझ्याकडं आला. "सर, दुसरी बाजू पाहिजे. मौलाभाईला तुमी सांगा. तुमचं ऐकतो तो."

"प्रेमदास, माणिकराव चुकीचं बोलले. आधी त्यांनी तसं म्हटलं पाहिजे."

"चूक का बराबर हे मी कोण ठरवणार? आमच्या तांड्याबद्दल लोक काय काय बोलतात सर, तुमाला माहीत न्हाई का? शाळेत कोणाची पाटी हरवली का पोरं म्हणायचे, यानंच चोरली असंल. मी काय तवा कार्यक्रम काढला होता का?" तो हसला, पण नीट हसला नाही. "मला केबल चालवायचंय. दोन खुर्च्या, दोन बाजू. बस."

शेख मौलाचं बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. सत्याऐंशीपासून अकरा वर्षं तो सौदीत, दम्मामला, एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तिथून त्याची मराठीत पत्रं यायची. त्याच्या अम्माला वाचता येत नसे, म्हणून ती पत्रं माझ्याकडं घेऊन यायची. अकरा वर्षांतली एकूण एक पत्रं मी वाचून दाखवली. अम्मा वारल्याचं पत्र मीच लिहिलं. मौला तेव्हा येऊ शकला नाही, आणि का येऊ शकला नाही, हे गावात मला आणि त्याच्या घरच्यांनाच ठाऊक होतं.

मी गेलो तेव्हा दुकानासमोरच्या बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. मौलानं ऐकून घेतलं आणि तांब्याची तार खाली ठेवली.

"माणिकराव अरबाला बोलले. मग मला काहून बोलावता? मी काय अरब हाय?"

बाकावरचा जळबा म्हणाला, "दाढी तर हाय!" सगळे हसले. मौलाही हसला. जळबा गोरेगावकडचा शेतकरी. त्याची मोटार वर्षातून तीनदा जळायची आणि तो बाकावर बसून राहायचा.

"तुम्हीच एकटे तिथं राहिलेले आहात," मी म्हणालो. "तुम्हाला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला नाही."

"मी सांगीन ते दाखवतीन का? का मधूनच कापतीन?"

"एक शब्द हलणार नाही," मी म्हणालो. "मी स्वतः तिथं बसतो."

इतक्या ठामपणानं मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन. मौलानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तुमी हायेत तर येतो."

रेकॉर्डिंग मंगळवारीच केलं. मौला पांढरा सदरा घालून आला आणि साडेआठ मिनिटं बोलला. मी बोटं दाखवली नाहीत. त्यानं सांगितलं ते असं: त्याच्या कफीलनं, म्हणजे ज्यानं कामाला नेलं त्या मालकानं, त्याचा पासपोर्ट दोन वर्षं कपाटात ठेवला. आणि शेजारच्या गल्लीत अबू सालेह नावाचा म्हातारा होता, शाळेतून निवृत्त झालेला. मौलानं एकदा त्याचा एसी दुरुस्त केला होता. अम्मा गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी मौला त्याच्या पायरीवर बसला होता. म्हाताऱ्यानं पत्रातलं काही न कळता पत्र हातात घेतलं आणि डोक्याला लावलं. मग तीन वेळा कचेरीत जाऊन, बाकावर बसून बसून, पासपोर्ट सोडवून आणला. पोचायला चाळीस दिवस उशीर झाला, पण मौला कबरीवर येऊन गेला. त्या म्हाताऱ्यानं कपाशीचं झाड कधी पाहिलं नव्हतं. परत जाताना मौलानं गोरेगावच्या रानातलं एक फुटलेलं बोंड डब्यात घालून नेलं. विमानतळावरच्या शिपायानं ते काडीनं टोचून पाहिलं, की यात काय लपवलंय. अबू सालेहनं ते शेवटपर्यंत काचेच्या कपाटात ठेवलं.

"एका अरबानं माझा पासपोर्ट ठिवला, एका अरबानं सोडवला," मौला शेवटी म्हणाला. "आता अरब कसे ते तुमीच सांगा. मला तर आपल्याच गावासारखे दिसले."

मी कॅमेऱ्यामागं डोळे पुसले. प्रेमदासलाही आवडलं. पण तो म्हणाला, "सर, साडेआठ मिनिटं झाले. काकाचं किती होतं?"

मी सांगितलं. मी टेपवर पुन्हा मोजलंही होतं.

"मग याचंबी बराबर तेवढंच पाहिजे. एक सेकंद जास्त झालं तर ते बोट दाखवतीन, कमी झालं तर हे. तुमी कापून द्या. तुमच्याइतकं निष्पक्ष कोण हाय?"

माझा शब्द मला आठवत होता. मी तसं म्हणालोही. प्रेमदास म्हणाला, "तुमी न्हाई कापलं तर मी कापतो. मग कसं कापीन, मला न्हाई माहीत." त्यापेक्षा आपणच केलेलं बरं, असं मी मनाला सांगितलं. आणि त्या 'तुमच्याइतकं निष्पक्ष कोण'नं मला थोडं बरंही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारची दुपार मी दोन व्हीसीआरसमोर घालवली. आधी मौलाचं सगळं बोलणं वहीत उतरवलं, मग पेन्सिलीनं खुणा केल्या. मौलानं पासपोर्टची गोष्ट आणि म्हाताऱ्याची गोष्ट एकमेकींत गुंतवून सांगितली होती. कापायला ते सोयीचं नव्हतं. तेव्हा मी त्या वेगळ्या केल्या. निबंध लिहिताना मुलांना शिकवायचो तसं: आधी एक बाजू, मग दुसरी बाजू, दोन्ही सारख्या. पहिली दोन मिनिटं पाच सेकंद पासपोर्ट. पुढची दोन मिनिटं पाच सेकंद अबू सालेह. बोंड बसलं नाही, ते गेलं. एका व्हीसीआरवर लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं. संध्याकाळी कॅसेट प्रेमदासच्या हातात दिली तेव्हा ती इतकी काटेकोर झाली होती, की मला अभिमान वाटला.

गुरुवारी सात वाजून तेरा मिनिटांनी मौला पडद्यावर आला. माझ्या घरी वीज होती. मी पूर्ण पाहिलं.

बाजाराच्या भागात, म्हणजे मौलाच्या दुकानाच्या आणि त्याच्या वस्तीच्या भागात, सव्वासातला वीज गेली. नवं वेळापत्रक सोमवारपासून लागू झालं होतं. ते पट्टीवर माझ्याच हातून गेलं होतं. तीन दिवस टीव्हीच्या तळाशी धावत होतं.

खास या कार्यक्रमासाठी लोकांनी काढलेल्या वायरी पुन्हा जोडल्या होत्या. त्या सगळ्या घरांत मौला दोन मिनिटं दिसला. अरबानं माझा पासपोर्ट ठेवला, अम्मा मेली तरी मला येऊ दिलं नाही, असं म्हणाला आणि अंधार झाला.

शुक्रवारी सकाळी पाहतील, असं मी धरून चाललो होतो. शुक्रवारी नऊ वाजता टीव्हीवर भजन लागलं. मी माडीवर धावलो.

"साहेबांचा फोन आला," प्रेमदास म्हणाला. "दोन्ही बाजू झाल्या, आता कोणाचंच लावू नको म्हणले. विषय बंद."

"अरे, पण माणिकरावांचं दोनदा लागलं होतं! यांचं अर्ध्या गावानं अर्धंच पाहिलंय."

"लाइट गेली त्याला मी काय करू? मी तर बराबर तेवढंच लावलं."

"कॅसेट दे मला. मी दाखवतो कोणाच्या तरी घरी."

त्यानं मान खाली घातली. "पुरी आन कापलेली, दोन्हीबी कॅसेटींवर सकाळीच भजन घेतलं सर. कोऱ्या न्हाईत माझ्याकडं. विषय बंद म्हणले ना."

मी चिडलो. पण चिडल्यावर काय करतात ते मला कधी नीट जमलं नाही. मी जिना उतरून घरी आलो.

दोन दिवसांत चौकातून बातम्या येत राहिल्या. माणिकराव म्हणत होते, "मी काय वेगळं बोललो? त्यांचाच माणूस सांगून राहिला ना!" आणि मौलाच्या वस्तीत कोणी त्याला विचारलं म्हणे, माणिकरावांकडं चहा कसा होता? गोड होता का?

रविवारी मी वही घेऊन दुकानात गेलो. बाकावर एकटा जळबा होता. मौला मोटारीचं वेटोळं भरत होता. तोंडानं वेढे मोजत होता.

"थांबा सर. मोजून राहिलो. अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव..." मोजता मोजताच तो म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका. मी सगळ्याला सांगितलं, कापलं त्या दिवशी सर तिथं नसतीन. सर असते तर त्यांनी असं होऊ दिलं नसतं. शंभर... एकशेएक..."

जळबा म्हणाला, "मीबी तेच म्हणलं. मास्तर गरीब माणूस. पण शब्दाचा पक्का."

मी त्या क्षणी गप्प राहिलो असतो तर प्रकरण मिटलं असतं. निदान माझ्यापुरतं.

"मी होतो," मी म्हणालो. "मीच कापलं. म्हणजे... दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून. क्रमही मीच लावला."

मौलाचा हात थांबला. "एकशे..." तो म्हणाला, आणि पुढचा आकडा आला नाही.  मग भरलेली तार उलटी काढायला लागला. आकडा चुकला की सगळं उलगडावं लागतं.

"हे सगळं इथं लिहिलेलं आहे," मी वही पुढं केली. "साडेआठ मिनिटं, पूर्ण. मी वाचून दाखवतो. तुम्ही म्हणाल तिथं, मशिदीच्या पायरीवर, चौकात, कुठंही."

"वाचा," मौला म्हणाला.

मी वाचायला लागलो. माझा आवाज रस्त्यापर्यंतही पोचत नव्हता. दोन माणसं सायकल धरून थांबली आणि निघून गेली. बोंडापाशी आलो तेव्हा जळबा म्हणाला, "आँ? बोंड नेलं व्हतं विमानात? आमच्या शिवारातलं?"

"हे मी असं बोललो नव्हतो," मौला म्हणाला. "तुमी पुस्तकातल्यासारखं करून टाकलं."

"चुकलं असेल. दुरुस्त करू."

"राहू द्या." तार काढणं चालूच होतं. "पयले ते माणिकराव बोलले, तवा तुमी तिथंच व्हते?"

"होतो."

"मग?"

मला बोटाचं सांगता आलं नाही. "काही बोललो नाही," मी म्हणालो.

"तुमी बोलले असते तर माझी काय गरज व्हती, सर? मी बोललो की दुसरी बाजू. तुमी ना अरब, ना मुसलमान. तुमी बोलले असते तर त्याला काय म्हणले असते?"

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. पुस्तकांत नाही.

पुढच्या बुधवारी मी माडीवर गेलो. माणिकराव खुर्चीत बसले होते, विषय सोयाबीनच्या बियाण्याचा होता. मी घड्याळ काढून प्रेमदासच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो.

"हे काय सर, आज तुम्ही?" माणिकराव हसत म्हणाले.

"माणिकराव, तुम्ही अरबांबद्दल जे बोललात ते खोटं होतं, आणि वाईट होतं. मी इथंच होतो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मौलाभाईंचं बोलणं मी कापलं, तेही चुकलं." पुढं मला अंकांबद्दल सांगायचं होतं, बगदादबद्दल, बोंडाबद्दल. पान नंबर पाठ केला होता. पण मी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकराव माझ्याकडं रागानं पाहत नव्हते. कीव आल्यासारखं पाहत होते.

"प्रेमदास, सरांना पाणी दे," ते म्हणाले.

प्रेमदासनं पाणी दिलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझलेला होता. "पयल्या वाक्यालाच बंद केला, सर," तो हळूच म्हणाला. "रागावू नका. साहेब म्हणले होते ना."

मी घड्याळ न घेताच उतरलो. सरळ मौलाच्या दुकानात गेलो. बाक रिकामा होता. जळबाची मोटार दुरुस्त होऊन गेली होती, आणि दुसरं कोणी अजून बसायला लागलं नव्हतं.

"बोललो," मी म्हणालो.

"टीव्हीवर येणार?"

"नाही. कॅमेरा बंद केला त्यानं."

मौलानं डोकं वर केलं. "माझं बोलणं आमच्या लोकांना दिसलं न्हाई, तुमचं मला दिसणार न्हाई. झालं बराबर."

तो हसला नाही. जा असंही म्हणाला नाही. नवं वेटोळं हातात घेतलं आणि मोजायला लागला. मी बाकाच्या कडेला बसलो. पन्नासाच्या पुढं कुठंतरी मला सांगावंसं वाटलं, की त्या दिवशी मी बोट वर केलं होतं. मी तोंड उघडलं. मौलानं न पाहता तार धरलेला हात जरासा वर केला: थांबा, आकडा चुकंल.

मी थांबलो.